अंगावरची वसाहत

हर्षाली चोगले पुण्याच्या आर्किटेक्चर कॉलेजात आली तेव्हा तिला धास्ती होती ती भाषेची. पण भाषेनं काही अडलं नाही. तिच्या गावच्या, सावखारच्या शाळेतल्या बाईंनी तिच्याकडून पुस्तकी मराठी घोटून घेतली होती, आणि इंग्रजीत कुठं अडखळलंच तर कानातलं यंत्र हळूच शब्द पुरवायचं. ते तर आता सगळ्यांच्याच कानात असे. कपड्यांचीही धास्ती होती, पण स्टुडिओत सगळीच मुलं डिंकाचे आणि रंगाचे डाग पडलेले टी-शर्ट घालून वावरत. हात तिचा चांगला होता. पहिल्या ज्युरीला, म्हणजे सगळ्या सरांपुढं काम मांडायच्या दिवशी, तिच्या मॉडेलपाशी सर बराच वेळ थांबले होते.

तरीही तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची.

कोणी तिला टाकून बोलत नव्हतं. कोणी नाक मुरडत नव्हतं. तसं झालं असतं तर भांडता तरी आलं असतं. कोळीवाड्यात वाढलेल्या मुलीला भांडण काही नवं नव्हतं. इथं सगळे हसून बोलत, हाक मारली तर थांबत, मागितलं तर कटर देत. पण कँटीनमध्ये ती ज्या बाकावर बसे, त्या बाकावरची मंडळी जरा वेळानं काहीतरी आठवून उठत. हॉस्टेलात तिची रूममेट "मला वरच्या मजल्यावर जागा मिळाली गं" म्हणून लवकरच निघून गेली. तिच्या जागी कोणी आलंच नाही.

सत्राच्या मध्यावर गट पाडायचे होते. ईशानी देवधर ही वर्गात सगळ्यांना हवीशी वाटणारी मुलगी. हर्षालीनं धीर करून तिलाच विचारलं, "तुमच्या गटात एक जागा आहे ना? मी येऊ?"

"अगं, आली असतीस तर किती बरं झालं असतं!" ईशानी मनापासून म्हणाली. "पण आमचं आधीच ठरलंय. पुढच्या वेळी नक्की."

ते आधी ठरलेलं नव्हतं. संध्याकाळी फलकावर याद्या लागल्या तेव्हा ईशानीच्या गटात एक नाव कमीच होतं.

हर्षालीला वाटलं, मासळी. दुसरं काय असणार? आईनं दिलेली जवळ्याची चटणी तिनं बरणीसकट वॉचमनच्या बायकोला देऊन टाकली. सकाळ-संध्याकाळ अंघोळ सुरू केली. अंग घासून घासून कोपराची कातडी लाल झाली. तिनं महागाचा स्प्रे आणला, मग तो जास्त वाटला म्हणून सौम्य आणला. काही फरक पडला नाही. शेवटी एकदा तिनं ईशानीला जिन्यात गाठलं.

"एक विचारू? माझ्या अंगाला वास येतो का? खरं सांग. मला राग नाही येणार."

ईशानीचा चेहराच पडला. "वेड लागलंय का तुला? मुळीच नाही. कोण म्हणालं असं?"

ती खोटं बोलत नव्हती, हे हर्षालीला दिसत होतं. पण बोलता बोलता ती पायरीवर एक पाऊल मागं सरकली होती, आणि ते तिचं तिला कळलंही नव्हतं.

•

कॉलेजच्या दवाखान्यात त्या वर्षी एक नवा विभाग सुरू झाला होता. पहिल्या वर्षातच कॉलेज सोडून जाणाऱ्या मुलांची संख्या वाढत चालली होती. अभ्यास जमत नाही म्हणून जाणारी थोडी, आपलं इथं कोणी नाही म्हणून जाणारी जास्त. त्यावर उपाय म्हणून एका कंपनीनं 'सोबत' नावाचं औषध आणलं होतं. विभागाच्या डॉक्टर मुक्ता हळबे मूळच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या. त्यांनी हर्षालीचं सगळं ऐकून घेतलं.

"मासळीचा वास साबणानं जातो," त्या म्हणाल्या. "तुझी अडचण ती नाही. जो वास म्हणून कोणाला कळतच नाही, त्याची आहे."

"कळत नाही तर मग त्रास कसला होतो?"

"सांगते. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. आपल्या कातडीवर जिवाणूंची वसाहत असते. ते घाम खातात आणि त्यातून अगदी सूक्ष्म द्रव्यं हवेत सोडतात. प्रत्येकाची वसाहत वेगळी. पण एका घरात राहणारी, एकाच पाण्यानं अंघोळ करणारी, एकमेकांच्या अंथरुणात लोळणारी माणसं असतात ना, त्यांची बरीचशी सारखी होते. नाक ते टिपतं आणि मेंदूच्या फार जुन्या भागाला कळवतं. आपल्यापर्यंत ती बातमी येतच नाही. आपल्याला एवढंच जाणवतं की या माणसाजवळ बरं वाटतं, किंवा वाटत नाही. तू कधी बघ, ओळख करून देताना माणसं हात मिळवतात आणि मग तोच हात नकळत नाकाजवळ नेतात."

हर्षालीनं मांडीवरचा आपला हात मुठीत घेतला.

"म्हणजे चूक कोणाचीच नाही?"

"कोणाचीच नाही. ही मुलं बहुतेक पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांतली. त्यांच्या वसाहती एकमेकांच्या जवळच्या आहेत. तुझी समुद्राकाठची, खाऱ्या वाऱ्याची, लांबची. त्यांच्या नाकाला तू परकी आहेस, एवढंच."

'सोबत' म्हणजे काय, ते डॉक्टरांनी विरजणाचं उदाहरण देऊन समजावलं. वर्गातल्या सगळ्यांच्या कातडीवरचे नमुने घ्यायचे, टाकीत एकत्र वाढवायचे आणि तयार झालेलं विरजण सगळ्यांच्या अंगाला लावायचं. दुधाला विरजण लावलं की सगळं दही एका चवीचं होतं, तसं. नुसते जिवाणू साबणानं धुऊन जातील, म्हणून त्यांना थोडं चिवट केलेलं होतं. ते एक द्रव्य सोडत, आणि त्यानं कातडीवरचे जुने रहिवासी हटून जागा मोकळी होत असे.

"त्यात माझाही नमुना घेणार?"

"अर्थातच. सगळ्यांचा घेणार."

"आणि परत पहिल्यासारखं व्हायचं असलं तर?"

"तुझा मूळ नमुना गोठवून ठेवू आपण."

हर्षालीनं लगेच होकार दिला. आपलं काही चुकलं नव्हतं, एवढं ऐकूनच तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. संध्याकाळी तिनं आईला, देवकाला, फोन लावला.

"आये, अंगाला लावायचं एक औषध देणार हायत कॉलेजात."

"कसलं औषध गो?" देवका घाबरली. "नायटा झाला काय तुना?"

"नायटा नाय. मैत्री व्हावी म्हणून."

"मैत्रीला औषध कशाला लागतं?" देवका म्हणाली. "डबा उघडून बस. येतील."

•

औषध म्हणजे ताकासारखं पातळ काहीतरी होतं. काही आठवडे ते रोज अंगाला चोळायचं होतं. आधी काहीच वाटलं नाही. मग एक दिवस ती कँटीनमध्ये वही काढून बसली असताना ईशानी समोरच्या बाकाऐवजी तिच्याच बाकावर शेजारी येऊन बसली. बसली आणि उठली नाही. तिनं न विचारता हर्षालीच्या ताटातली कांदाभजी उचलली.

तेवढ्या एका भज्यानं हर्षालीचे डोळे भरून आले. तिनं ठसका लागल्याचं निमित्त केलं.

त्यानंतर सगळं इतक्या सहज झालं की आधीचे महिने खरे होते की काय, असंच वाटावं. गटात तिला ओढून घेतलं गेलं. खोलीत ईशानी स्वतःच गादी घेऊन राहायला आली. वाईला साईट बघायला गेले तेव्हा परतीच्या बसमध्ये ईशानी तिच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली, आणि घाट उतरून संपेपर्यंत हर्षालीनं खांदा हलवला नाही. इतकं निवांत तिला पुण्यात कधी वाटलं नव्हतं. आणि ते नाटक नव्हतं. तिलाही ही मुलं आता आपली वाटत होती, त्यांच्यात बसलं की आतून शांत होत होतं.

एकच गोष्ट तिला खटकली. वर्गात भंडाऱ्याची सुषमा मेश्राम होती. तिला इसबाचा त्रास असल्यामुळं डॉक्टरांनी औषध दिलं नव्हतं. एकदा स्टुडिओत सुषमा तिच्या शेजारी शीट पसरून बसली. दोघी छान बोलत होत्या. सुषमानं एक विनोद केला, हर्षाली खळखळून हसली. आणि हसता हसता तिचं खाली लक्ष गेलं, तर आपली खुर्ची टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला आली होती. ती कधी सरकवली, तिला आठवेना. सुषमानं ते पाहिलं होतं. ती शीटची गुंडाळी करून उठली, "जाते, क्लास आहे," म्हणाली.

क्लास नव्हता, हे दोघींना माहीत होतं.

•

हिवाळ्याच्या सुट्टीत ती सावखारला गेली. एसटीतून उतरून समुद्रभिंतीच्या कडेकडेनं चालत आली. देवका दारातच उभी होती. तिनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कडाकडा मोडली आणि मग म्हणाली, "बस, बस. खुर्चीवर बस."

या घरात हर्षाली कधी खुर्चीवर बसली नव्हती. खुर्ची पाहुण्यांची. ती आईच्या मांडीला मांडी लावून जमिनीवर बसायची.

बापूस दर्यावरून आला. त्यानं लांबूनच विचारलं, "चा घेणार काय?" जन्मात त्यानं तिला असं विचारलं नव्हतं. चहा झाला की तो कप तिच्यापुढं सरकवायचा, एवढंच. जेवताना आईनं तिला नवं ताट काढलं. सगळे गोड बोलत होते, आग्रह करत होते, आणि तो आग्रहच तिच्या घशाखाली उतरेना. हे वागणं तिनं कितीतरी महिने पाहिलं होतं. कँटीनच्या बाकावर.

दुपारी ती आईजवळ आडवी झाली. लहानपणापासून आईच्या कुशीत गेलं की तिला झोप लागायची. आज ती डोळे मिटून पडून राहिली. आईच्या पदराचा, केसांचा, चटईचा वास तिला कुठल्यातरी दुसऱ्याच घरातला वाटला. वाईट नाही, पण दुसऱ्याच्या घरातला. देवकाही जागीच होती. दोघींच्या मध्ये हातभर जागा राहिली होती, आणि दोघीही ती न दिसल्यासारखं करत होत्या.

मग तिला ताप भरला. डेंगी. तापानं ती फणफणली, अंग घामानं भिजून जाई. देवकानं बाजारात मासळी विकायला जाणं बंद केलं. ओल्या फडक्यानं ती पोरीचं अंग पुसायची, कपडे बदलायची, हुडहुडी भरली की तिला छातीशी धरून एका चादरीत पडून राहायची. मनाला काय वाटत होतं ते तिनं बाजूला ठेवलं. आईच ती.

ताप उतरला तेव्हा हर्षाली आईच्या कुशीत होती आणि तिला गाढ झोप लागली होती. जागी झाली तेव्हा तिला जाणवलं, मधली जागा गेली. आईचा वास परत आपला वाटत होता. तिला वाटलं, शेवटी रक्त ते रक्त. कसली टाकी आणि कसलं विरजण, माया त्याच्या वरची आहे. ती हसतच पुण्याला परतली. जाताना देवकानं तिला मिठीत घेऊन सोडलंच नाही. बसवाल्याला घंटा वाजवावी लागली.

•

फोनवर देवका आधी काही बोलली नाही. मग एकदा बोलता बोलता म्हणाली, "जानकीनं जागा बदलली बाजारात."

जानकीकाकी म्हणजे शेजारची. दोन्ही घरांच्या मध्ये एकच भिंत. दोघी सुना होऊन एकाच वर्षी वाड्यात आल्या होत्या आणि तेव्हापासून बाजारात एकमेकींच्या मासळीच्या पाटीला पाटी लावून बसत आल्या होत्या.

"का? भांडलीस?"

"नाय गो. काय बोलले मी? काय नाय. मना म्हणते, तिकडं सावली हाय. सावली तर दोन्हीकडं हाय." ती पुढं म्हणाली, "बाया चा मागवतात तर मना विसरतात. म्हणजे मुद्दाम नाय. मग आठवण होते नि हळहळतात बिचाऱ्या."

हर्षालीनं हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"आणि तुझा बापूस बग. दर्यावरून आला की ओटीवर झोपतो. उकडतं म्हणतो. थंडीत कुणाला उकडतं?" देवका हसली, पण हसू लगेच विरलं. "मी म्हातारी झाले काय गो बाय?"

त्याच दुपारी हर्षाली डॉक्टर हळब्यांच्या समोर उभी होती. डॉक्टरांनी सगळं ऐकलं.

"ताप, घाम, ओलं फडकं, एक चादर," त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्या आईच्या अंगावर जायला याहून चांगली संधी त्या जिवाणूंना मिळालीच नसती. ते चिवट आहेत. आम्हीच केलेत."

"पण बाकीच्या मुलांच्या घरी असं का नाही झालं?"

"त्यांची घरं त्या विरजणाच्या जवळचीच होती. तिथं बदलण्यासारखं फारसं नव्हतं."

हर्षालीनं विचारलं, "त्या विरजणात माझं किती होतं?"

"टाकीत घातलं तेव्हा सगळ्यांचं सारखं होतं. पण टाकीत जे लवकर वाढतं ते उरतं. तुझ्या वसाहतीला खारं, दमट लागतं. टाकी गोड्या पाण्याची. तयार होऊन बाहेर आलं तेव्हा त्यात तुझं काही उरलं नव्हतं. हे आम्हाला नंतर कळलं."

"म्हणजे ते सगळ्यांचं नव्हतंच."

"नव्हतं."

"माझा नमुना गोठवलाय ना? तो लावा. मला आणि आईलाही."

"तुझ्यासारखी अजून एक मुलगी आली होती, दुसऱ्या वर्गातली. तिच्यावर करून पाहिलं. जुने जिवाणू आठवडाभरही तग धरत नाहीत. नवे त्यांना उभं राहू देत नाहीत. आधी नवे मारायला हवेत, आणि त्यांना मारणारं औषध..." त्यांनी मान हलवली. "आम्ही शोधतोय. मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. कधी सापडेल, सापडेल की नाही, मला माहीत नाही."

"आणि आई अजून कुणाच्या जवळ गेली तर?"

"नुसतं बोलण्या-बसण्यानं लागत नाही. पण रोजची जवळीक, ओलं अंग, तेल-पाणी, लहान मूल, असं काही असेल तर लागेल." डॉक्टरांचे डोळे ओले झाले होते. "गावाला जाऊ नकोस असं मी तुला कसं सांगू? मला काही सांगताच येत नाही, हर्षाली. आम्हाला वाटलं होतं, आम्ही एकटेपणा कमी करतोय."

तिला रागवायचं होतं. पण समोरची बाई इतकी खचलेली दिसत होती की राग कुणावर काढायचा तेच तिला कळेना.

खोलीवर ईशानी होती. हर्षालीचा चेहरा बघून तिनं तिला जवळ घेतलं, काय झालं म्हणून विचारत राहिली. हर्षालीला तिच्या मिठीत बरं वाटलं. आणि बरं वाटतंय याचंच तिला इतकं रडू आलं की ईशानी घाबरून गेली.

•

फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं. ती गावी आली. सकाळची वेळ होती, बापूस बोटीवर गेला होता. देवका मागच्या दारी मांदेली साफ करत बसली होती. हर्षालीनं तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी जे विरजणाचं उदाहरण दिलं होतं, तेच तिनं आईला दिलं. देवकाला समजायला वेळ लागला नाही. सुरी तशीच हातात धरून ती ऐकत राहिली.

"धुतलं तर जात नाय?"

"नाय."

"मिठाच्या पाण्यानं?"

"नाय, आये."

"तुझ्या बापसाला लागंल?"

"जवळ झोपलीस तर लागंल."

देवकानं विचार केला. "बोटीवर सगळे एका फळीवर झोपतात, अंगाला अंग लावून. त्यालाच बाजूला टाकतील."

"टाकणार नाय कोणी. फक्त जरा..."

"तेच," देवका म्हणाली. "फक्त जरा." तिनं पुढची मांदेली उचलली आणि तिचं डोकं उडवलं. "मग त्याला ओटीवरच झोपू दे."

"आये, माझी चूक झाली."

"गप. तू काय केलंस? चार पोरींत बसावं वाटलं तुना, एवढंच ना?" तिनं सुरीवरचे खवले पुसले. "ते वाटायचंच."

तेवढ्यात पुढच्या दारातून हाक आली, "देवका, हायस काय?" जानकीकाकी होती. तिच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ होतं. तिची सून कालच दवाखान्यातून घरी आली होती. वाड्यातली बाळं देवकाच न्हाऊ घालायची. जानकीची तिन्ही पोरं तिच्याच पायांवर न्हाली होती, या बाळाचा बापही.

जानकी उंबऱ्याशी थांबली. आत यायला तिचं पाऊल घुटमळत होतं. ते का, हे तिला स्वतःलाच कळत नव्हतं आणि त्याची तिला लाज वाटत होती, हे तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तरी ती ठरवून आली होती.

"देवका, मना काय झालंय ते माझं मनाच कळत नाय," ती म्हणाली. "तू काय केलं नाय, मी काय केलं नाय. उगाच मन उडालं. जाऊ दे ना गो. नातू झाला मना. पहिली अंघोळ तूच घाल. तुझ्या हातची गोष्टच वेगळी."

तिनं दोन्ही हात पुढं केले. बाळानं जांभई दिली.

देवका उठली होती. एक पाऊल पुढंही टाकलं होतं. मग तिनं आपले दोन्ही हात मागं घेतले आणि पदराखाली झाकले.

"नाय जानके. माझ्या हाताला बरं नाय."

"काय झालं हाताला?"

"बरं नाय म्हणते ना."

"बघू."

देवकानं हात दाखवले नाहीत. जानकी बराच वेळ तशीच बाळ पुढं करून उभी राहिली. मग तिनं त्याला छातीशी ओढून घेतलं.

"मासळी साफ करायला बरे हायत हात," ती म्हणाली. "माझ्या नातवालाच हात लावायला बरे नायत. बरं. कळलं मना. मी आपलं मन मोडून दारात आले, नि तू..." पुढं तिला बोलवेना. ती वळली आणि भराभरा आपल्या घरात गेली.

"आये, सांगायचं होतंस तिला!" हर्षाली कळवळून म्हणाली. "मी जाऊन सांगते."

देवकानं तिचा दंड धरला. "काय सांगशील? माझ्या अंगावरून आईला लागलं, आता तुमाला लागंल? उद्या वाड्यात तुना कोण उंबरा ओलांडू देईल? मना आज नाय बसवत जवळ, पण का ते त्यांना माहीत नाय. माहीत झालं की मग मुद्दाम नाय बसवणार. नि तुनाही नाय." तिनं दंड सोडला. "रुसली हाय, रुसू दे. रुसवा मना चालतो."

हर्षाली भिंतीला टेकून खाली बसली. देवकानं मांदेली धुतली, मीठ-हळद लावली, वर ताट झाकलं. सगळं नेहमीसारखं, फक्त जरा हळू.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडं न्हाणीतून भांड्यांचा आवाज आला. पाणी काढलं जात होतं. जानकीनं कधी तान्ह्याला न्हाऊ घातलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती. मग बाळानं टाहो फोडला.

देवकाचे हात थांबले.

"पाणी गार घेतलंय," ती पुटपुटली.

बाळाचं रडणं चढत गेलं. पलीकडून जानकी काहीतरी समजावत होती, सून आतून काहीतरी ओरडत होती.

"पायावर पालथं घाल आधी. मान धर, मान. तेल नीट जिरव पाठीत. एवढ्या वरून नको गो ओतू, नाकात जातंय त्याच्या."

ती हे भिंतीला सांगत होती. तिच्या नकळत तिचे दोन्ही पाय पुढं पसरले गेले होते, बाळ घ्यायला पसरतात तसे, आणि रिकाम्या नडग्यांवर तिचे ओले हात वरून खाली फिरत होते.

रडता रडता बाळाचा श्वास अडकला, क्षणभर आवाजच बंद झाला. देवका ताडकन उठली. मागच्या दारातून धावत ती जानकीच्या न्हाणीच्या पडद्यापर्यंत गेली, आणि तिथं पडद्याला हात न लावता उभी राहिली. आत बाळानं पुन्हा श्वास घेतला आणि पुन्हा टाहो फोडला.

"आये, चल," हर्षाली मागून म्हणाली.

"थांब," देवका म्हणाली. "डोक्यावरचं पाणी राहिलंय अजून."